रोज पाऊण तास चालूनही तोल का जातो? (ज्येष्ठांच्या गटासाठी व्यायाम ठरवायचे आहेत)

बाकडं नंबर ४
आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचे चाळीसेक सभासद रोज सकाळी सहाला बागेत चालतात. वयं ६२ ते ८६. बहुतेकांचा पाऊण तास ठरलेला, दम चांगला, शुगर-बीपी आटोक्यात. तरीही वर्षभरात सात जण पडले. त्यांतला एकही जण चालून दमल्यामुळे पडलेला नाही. कोणी उंबरठ्याला अडखळून, कोणी रिक्षातून उतरताना, कोणी मागून हाक आली म्हणून झटकन वळताना, तर दोघं पहाटे बाथरूमला जाताना.

चालून झालं की शेवटची वीस-पंचवीस मिनिटं तोलाच्या व्यायामाला द्यायची असं ठरतंय. बागेत कमरेएवढा लोखंडी कठडा आहे, आठ बाकडी आहेत आणि शहाबादी फरशीचा मोकळा चौक आहे. शिकवायला दोन उत्साही सभासद तयार आहेत. काय घ्यावं, कोणत्या क्रमाने, आणि कोणाला गटात घेऊ नये? जाणकारांनी नेमकं सांगावं.

पायवाट
माझ्या मते वेगळं काही करायची गरज नाही. चालण्याचा वेग वाढवा, अंतर वाढवा. पायांत ताकद आली की तोल आपोआप येतो. दहा हजार पावलं हे सोपं उद्दिष्ट सगळ्यांना समजतं, नव्या व्यायामांनी गोंधळ होईल.

तोलणारी
पायवाट, चालण्याबद्दल तुम्हाला वाटणारी आस्था मलाही आहे, पण 'आपोआप येतो' हे खरं नाही, आणि या विषयात तेच सगळ्यांत महागात पडतं.

सपाट रस्त्यावर सरळ चालताना शरीर एकाच सवयीच्या लयीत पुढे जातं. तोल जातो तो लय मोडते तेव्हा : बाजूला सरकताना, वळताना, मागे पाऊल टाकताना, एका पायावर उभं राहून दुसरा पाय उंबरठ्यावरून पलीकडे नेताना. ही कामं पाऊण तासाच्या चालण्यात जवळपास येतच नाहीत. जे शरीराला करायला लावलं नाही ते त्याला येणार कुठून? फिजिओथेरपीत आम्ही रोज हेच बघतो. पाच किलोमीटर चालणाऱ्या माणसाला एका पायाच्या टाचेला दुसऱ्याचा चवडा लावून उभं राहायला सांगितलं की चौथ्या सेकंदाला हात हवेत जातात.

अभ्यासही हेच सांगतात. २०१९ साली कॉक्रेन या वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात १०८ चाचण्या आणि २३ हजारांवर ज्येष्ठ एकत्र तपासले गेले. तोल आणि रोजच्या हालचालींवर बेतलेल्या व्यायामांनी पडण्याचं प्रमाण २४ टक्क्यांनी घटलं. त्याला ताकदीच्या व्यायामांची जोड दिली तिथे सुमारे ३४ टक्क्यांनी. निव्वळ चालण्याच्या कार्यक्रमांनी पडणं कमी होतं असं मात्र त्या आढाव्याला म्हणता आलं नाही. आणि 'वेग वाढवा' याबद्दल : १९९७ साली ब्रिटनमधली एक चाचणी छापून आली. हाताचं हाड नुकतंच मोडून गेलेल्या, पाळी गेलेल्या बायकांना भरभर चालायला लावलं होतं, आणि त्या गटात पडण्याचा धोका वाढलेला दिसला. म्हणून एकदा पडून गेलेल्या माणसाला आधी तोल, मग वेग.

चालणं थांबवू नका. हृदय, शुगर, झोप, मन, सगळ्याला ते हवंच. पण त्याच्याकडून जे होत नाही ते त्याच्यावर सोपवू नका.

पायवाट
आकडे वाचून विचार बदलतोय, हे मान्य करतो. पण मग दहा हजार पावलांचं काय? डॉक्टर मंडळीही तो आकडा सांगतात.

दक्षिणध्रुव
तो आकडा १९६५च्या सुमाराला जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातून आला. 'मानपोकेई' म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. सरासरी ७२ वयाच्या सुमारे १७ हजार अमेरिकन स्त्रियांचा अभ्यास २०१९ मध्ये आला. त्यात रोज ४,४०० पावलं चालणाऱ्यांतही मृत्यूचं प्रमाण अगदी कमी चालणाऱ्यांपेक्षा बरंच कमी होतं, आणि साडेसात हजारांनंतर आणखी फायदा दिसेनासा झाला. म्हणजे तुमच्या सभासदांनी पाऊण तासातली पंधरा मिनिटं तोलाला दिली तरी चालण्याचं नुकसान नाही.

मी न्यूझीलंडमध्ये, डनीडनला असतो. या विषयात सर्वांत जास्त वापरला जाणारा घरगुती कार्यक्रम याच गावात तयार झाला. त्याचं नाव ओटागो. पहिली मोठी चाचणी १९९७ साली प्रसिद्ध झाली आणि त्यातल्या २३३ बायका सगळ्या ८० वर्षांच्या पुढच्या होत्या. पुढच्या चाचण्या एकत्र केल्यावर पडणं सुमारे ३५ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. 'आता या वयात काय व्यायाम' म्हणणाऱ्यांना हे जरूर सांगा, कारण सर्वांत जास्त फायदा ऐंशीच्या पुढेच दिसला.

रचना साधी आहे. आठवड्यातून तीनदा अर्धा-अर्धा तास व्यायाम, आणि निदान दोनदा चालणं. पायांच्या ताकदीचे पाच : खुर्चीत बसून गुडघा सरळ करणं, उभं राहून गुडघा मागे दुमडणं, पाय बाजूला उचलणं, चवड्यांवर उभं राहणं, टाचांवर उभं राहणं. पहिले तीन घोट्याला वजन बांधून. वजन असं निवडायचं की ८ ते १० वेळा नीट होईल आणि त्यानंतर पाय भरून येईल. २० वेळा सहज होत असेल तर वजन कमी आहे. मग तोलाचे बारा : गुडघे वाकवणं, मागे चालणं, आठच्या आकड्यात वळत चालणं, बाजूला चालणं, टाचेला चवडा लावून उभं राहणं, तसंच चालणं, एका पायावर उभं राहणं, टाचांवर चालणं, चवड्यांवर चालणं, टाचेला चवडा लावत उलटं चालणं, खुर्चीतून उठणं-बसणं आणि जिना.

बाकडं नंबर ४
चाळीस जणांना वजनं कुठून आणायची?

मुक्ताई
जाड कापडाच्या, मधे शिवण घातलेल्या दोन कप्प्यांच्या पिशव्या शिवून घ्या. वाळू चाळून, वाळवून भरायची, किराण्याच्या तराजूवर अर्धा किलो आणि एक किलो मोजून घ्यायची. बांधायला चिकटपट्टी लावा, नाडी नको, सुटलेली नाडी पायात येते. वाळू ओली राहिली तर कापड कुजतं.

तोलणारी
छान सांगितलंत ताई. पिशव्या हाडाच्या टोकावर नको, घोट्याच्या जरा वर बांधायच्या. शुगरमुळे पावलाला बधिरता असलेल्यांना खाली मोजा घालूनच, आणि नंतर कातडी बघायची.

आता आधी चाचणी घ्या. ती केल्याशिवाय गट करू नका. तीन चाचण्या पुरतात.

पहिली. १७ इंच उंचीची हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून, हात छातीवर आडवे, ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता येतं. ६५ ते ६९ वयाला पुरुष १२, स्त्रिया ११. ७५ ते ७९ ला ११ आणि १०. ८० ते ८४ ला १० आणि ९. याहून कमी भरलं तर पाय कमजोर. हात टेकून उठावं लागलं तर गुण शून्य लिहायचे.

दुसरी. खुर्चीतून उठायचं, तीन मीटरवरच्या खडूच्या रेषेपर्यंत नेहमीच्या चालीने जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका. घड्याळापेक्षा डोळे जास्त उघडे ठेवा : वळताना किती पावलं लागली, हात हलतात का, शेवटी खुर्चीत धप्पकन बसतात का.

तिसरी उभं राहण्याची. पाय जुळवून, मग एका पायाचा अंगठा दुसऱ्याच्या तळव्याच्या मधल्या भागाला टेकवून, मग टाचेला चवडा लावून, मग एका पायावर. प्रत्येक दहा सेकंद, डोळे उघडे. तिसऱ्या अवस्थेत दहा सेकंद होत नसतील तर त्यांचे व्यायाम कठड्याजवळच. तुम्ही हाताच्या अंतरावर उभं राहायचं, पण धरायचं नाही.

वर्षात दोनदा पडलेले, पडताना शुद्ध हरपलेले, चक्कर येणारे, नुकतं हाड मोडलेले, छातीत दुखणारे, यांना गटात घेण्याआधी डॉक्टरांकडे पाठवा. एका बाजूची नवी कमजोरी किंवा बोलण्यात नवा फरक दिसला तर त्याच क्षणी दवाखाना.

खडूफळा
वळण्याबद्दल कोणी सविस्तर लिहिलं नाही, म्हणून लिहितो. मांडीचं हाड खुब्यापाशी मोडतं ते मुख्यतः बाजूला पडल्याने, आणि बाजूला पडायला वळणं हे मोठं निमित्त. चूक अशी होते : डोकं आणि खांदे वळतात, पाऊल मात्र फरशीला खिळलेलं. पायाची एकमेकांत अढी पडते.

फरशीवर खडूने घड्याळ काढा, व्यास साधारण पाच फूट. मधे उभं राहून उजवा पाय ३ वर, परत मधे, ४ वर, परत मधे, ५ वर, परत. मग डाव्याने ९, ८, ७. नंतर प्रत्यक्ष वळण : चार ते सहा छोटी पावलं टाकत, प्रत्येक पाऊल उचलून. घासत नाही आणि एका पायावर गिरकी घेत नाही. मागून हाक आली तर आधी थांबायचं, मग पावलं, मग मान. या क्रमाचा सराव मुद्दाम हाका मारून घ्या, लोकांना आवडतो.

पुढचा टप्पा चार काठ्यांचा. जमिनीवर अधिक चिन्हासारख्या चार काठ्या ठेवायच्या, चार घरं होतात. पहिल्या घरात उभं राहून पुढे, बाजूला, मागे, बाजूला अशी एक फेरी, मग लगेच उलटी. तोंड सतत एकाच दिशेला. दोन्ही फेऱ्यांना १५ सेकंदांहून जास्त लागत असतील तर पाऊल उचलणं मंद आहे. लहानपणी ठिकरी खेळलेल्या बायका यात पटकन तयार होतात. काठीवर पाय पडू शकतो म्हणून सुरुवातीला खडूच्याच रेषा.

पावकी_निमकी
अजून एक कसोटी बोलत चालण्याची. १९९७ साली स्वीडनमध्ये एका निवासातल्या ५८ वृद्धांशी चालता चालता बोलून पाहिलं. बोलायला लागल्यावर १२ जण थांबले, आणि त्यातले १० जण पुढच्या सहा महिन्यांत पडले. चालणं आपोआप होत नाही, त्यावर मन ठेवावं लागतं, हे त्या थांबण्यातून दिसतं. तुमच्या गटात गप्पा मारताना कोण थांबतं ते बघून ठेवा.

सरावाला चालताना काही म्हणायला लावा. रामरक्षा, हरिपाठ, जे येतं ते.

तोलणारी
इथे मी असहमत. रामरक्षा तोंडपाठ आहे. ती म्हणताना मेंदूला काम पडत नाही, श्वासाची लय मात्र छान राहते. दोन कामं एकदम करायचा सराव हवा तर काम थोडं अवघड हवं. १००मधून तीन-तीन वजा करत, आठवड्याचे वार उलटे, किंवा 'क'ने सुरू होणाऱ्या भाज्या.

पावकी_निमकी
पटलं. मग आमच्या पिढीला पाढे आहेतच. सतराचा पाढा सरळ म्हणता येतो, उलटा म्हणायला लावलं की पाऊल हळू होतं. सव्वाकी आणि दिडकी (सव्वाचा आणि दीडचा पाढा) तर मधूनच विचारावी, 'सात दिडकं किती?' उत्तर 'साडेदहा' येईपर्यंत पाऊल थांबता कामा नये. हे कठड्याला लागून चालतानाच घ्यावं आणि पाय अडखळू लागले तर प्रश्न सोपा करावा, चाल नाही.

आसनस्थ
योगवर्गातले लोक म्हणतात, आमच्या वृक्षासनाने सगळं होतं. तेही पूर्ण खरं नाही. वृक्षासन स्थिर उभं राहायला शिकवतं, हलत्या तोलाचं काम करत नाही. पण ते नीट घेतलं तर एका पायावर पँट चढवताना नक्की कामी येतं.

ज्येष्ठांना पाऊल मांडीवर चढवायची घाई नको. पाठ भिंतीपासून चार बोटं दूर, एक हात कठड्यावर. दुसऱ्या पायाची टाच घोट्याला टेकवायची, बोटं जमिनीवरच. हे वीस सेकंद स्थिर झालं की बोटं उचलायची. नजर समोर डोळ्यांच्या उंचीवरच्या एका ठिपक्यावर. सर्वांत मोठी चूक म्हणजे उभ्या पायाचा खुबा बाहेर ढळणं. कमरेच्या दोन्ही हाडांवर हात ठेवून बघा, एक बाजू खाली गेली तर पाय खाली. श्वास कोंडतात, पायाची बोटं फरशीला चिमटीसारखी आवळतात, हे दोन्ही दिसलं की आसन सोपं करायचं.

तोलणारी
खुब्याचं निरीक्षण फार मोलाचं आहे. खुब्याच्या बाहेरच्या बाजूचा स्नायू चालताना प्रत्येक पावलाला कंबर सावरतो. तो कमजोर झाला की माणूस झोकांडत चालतो. बाजूला पाय उचलणं त्यासाठीच. त्यात चूक अशी होते की धड विरुद्ध बाजूला कलतं आणि पावलाची बोटं वर आकाशाकडे वळतात. तसं झालं तर मांडीच्या पुढचा स्नायू काम करतो आणि हवा तो झोपून राहतो. बोटं समोर, पाय जरा मागे, उंची फक्त वीतभर.

चष्मेवाला
पायऱ्या उतरताना चष्म्याचं लक्षात घ्या. दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह काचेच्या खालच्या भागातून जवळचं दिसतं, आणि उतरणारा माणूस नेमक्या त्याच भागातून पायरी बघतो. पायरी धूसर होते, कड दिसत नाही. ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत नेमाने बाहेर पडणाऱ्या ज्येष्ठांना बाहेरसाठी वेगळा, फक्त दूरच्या नंबरचा चष्मा दिल्यावर त्यांचं पडणं कमी झालं. फारसं बाहेर न पडणाऱ्यांना मात्र त्याने उलट त्रास झाला, म्हणून सरसकट सगळ्यांना सांगू नका. बागेत येणाऱ्यांना सांगा. चष्मा बदलायचा नसेल तर हनुवटी खाली घेऊन काचेच्या वरच्या भागातून पायरी बघायची सवय लावावी. मोतीबिंदू पिकायची वाट बघत वर्षं काढू नयेत, पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन वेळेत झालं तर पडणं कमी होतं.

गोळीपेटी
धाग्यात औषधांचं नाव नाही म्हणून लिहिते. झोपेच्या गोळ्या, चिंतेवरच्या गोळ्या, झोप आणणाऱ्या सर्दी-खाजेच्या गोळ्या, प्रोस्टेटसाठीची काही औषधं, लघवी वाढवणाऱ्या आणि बीपीच्या गोळ्या, यांनी तोल ढळू शकतो. स्वतःहून बंद करू नका, सगळ्या पाकिटांची पिशवी डॉक्टरांपुढे उपडी करा.

पहाटे पडलेले तुमचे दोघं, त्यांचं आडवं असतानाचं आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आतलं बीपी मोजून घ्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर कारण सापडलं. अशांनी पलंगाच्या कडेला एक मिनिट बसून दहा वेळा पावलं वर-खाली हलवायची आणि मगच उठायचं.

अंथरुणात कूस बदलताना खोली गरगर फिरत असेल तर तो बहुधा कानातल्या कणांचा प्रकार. त्यावर मानेच्या ठरावीक हालचालींचा उपाय आहे आणि तो कानाच्या डॉक्टरांनी करून द्यायचा. चक्कर अंगावर काढत लोक महिनोन्महिने भिंत धरून चालतात, हे बघून वाईट वाटतं.

ओळंबा
न्हाणीघराचं मी सांगतो. टॉवेलचा दांडा हा आधाराचा दांडा नव्हे, तो ओढ लागली की खिळ्यासकट हातात येतो. आधाराचा दांडा सव्वा ते दीड इंच जाड, भिंत आणि दांड्यात दीड इंच मोकळं, आणि स्क्रू नुसत्या टाइल-गिलाव्यात नव्हे, विटेत गेलेला. बसवल्यावर स्वतःचं पूर्ण वजन टाकून बघा. टाइलला चिकटणारे रबरी पकडीचे दांडे घेऊ नका. कमोडच्या बाजूला एक, आंघोळीच्या जागी एक. पायपुसण्याला खालून रबर हवं, नसेल तर ते टाकून द्या. जिन्याला दोन्ही बाजूंना कठडा, आणि पहिल्या-शेवटच्या पायरीच्या कडेला दोन इंचाची गडद पट्टी रंगवा.

बागेतला कठडाही हलवून बघा. लोखंडी पाइपचं बुड गंजलेलं असतं आणि वरून रंग चकचकीत.

मुक्ताई
काठीबद्दल विचारायचं होतं. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी उजव्या हातात ना?

तोलणारी
नाही ताई, डाव्या हातात. काठी आणि दुखरा पाय एकदम पुढे पडतात, मग दुखऱ्या पायावरचा थोडा भार काठी उचलते. उंची अशी : चप्पल-बूट घालून ताठ उभं राहायचं, हात सैल सोडायचा, मनगटाच्या घडीला काठीची मूठ आली पाहिजे. कोपर किंचित वाकलेलं राहतं. लांब काठीने खांदा वर चढतो, आखूड काठीने माणूस वाकतो. वडिलांची काठी मुलाला तशीच चालत नाही. जिन्यावर चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी काठी आणि दुखरा पाय. खालचं रबर महिन्यातून एकदा उलटून बघा, त्याची नक्षी गुळगुळीत झाली की बदलून घ्या.

पायवाट
आणि पायात काय? दव पडलेल्या गवतावर अनवाणी चालावं असं आमच्याकडे सगळे सांगतात.

खडूफळा
ओलं गवत निसरडं. त्याखाली खड्डा दिसत नाही. शुगरवाल्यांना काटा रुतला तरी कळत नाही. हे तिघंही तोलाचे शत्रू.

तोलणारी
शुगर नसलेल्यांनी कोरड्या, तपासलेल्या हिरवळीवर थोडं चालायला हरकत नाही, तळव्याला निरनिराळा स्पर्श मिळतो. पण व्यायाम बुटांतच. तळ पातळ आणि टणक, टाचेला मागून पक्की पकड, वर लेस किंवा पट्टा. गादीसारखे जाड मऊ बूट आरामाचे वाटतात, पण खालची जमीन पायाला कळू देत नाहीत. सर्वांत वाईट म्हणजे मागून उघडी, सैल झालेली सपाता. घरात आपण चप्पल घालत नाही, तरी नुसत्या मोज्यांवर फरशीवर फिरणं टाळाच. घरापुरती वेगळी पट्ट्याची सँडल ठेवली की सोवळं-ओवळंही सांभाळलं जातं. साडी आणि गाऊन घोट्याच्या वर चार बोटं.

बाकडं नंबर ४
खूप मिळालं. दोन प्रश्न उरले. पडल्यावर उठायचं कसं हे शिकवावं का? आणि एवढं सगळं वीस मिनिटांत कसं बसवायचं?

आसनस्थ
शिकवावंच. पडल्याच्या भीतीपेक्षा 'उठता येणार नाही' याची भीती मोठी असते. आधी एक मिनिट तसंच पडून कुठे दुखतंय ते बघायचं. खुब्यात किंवा मांडीच्या सांध्यात कळ असेल, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला वाटला, तर उठायचं नाही, हाक मारायची आणि अंगावर पांघरूण ओढायचं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील आणि डोकं आपटलं असेल तर बरं वाटत असलं तरी दवाखान्यात.

ठीक असेल तर कुशीवर वळायचं, कोपर टेकून बसतं व्हायचं, मग हात-गुडघ्यांवर रांगत जड खुर्चीपाशी. दोन्ही तळहात बैठकीवर, बळकट पायाचं पाऊल पुढे पूर्ण टेकवून, हात आणि तो पाय एकदम दाबत उठायचं आणि कंबर फिरवून खुर्चीत बसायचं. दोन मिनिटं तसंच बसून राहायचं. सराव सतरंजीवर, एका वेळी एकाने. गुडघे टेकवत नसतील तर खाली घडी घातलेली रजई.

दक्षिणध्रुव
वेळेचं असं करा. सगळे व्यायाम रोज नकोत. ताकदीचे दिवस सोम-बुध-शुक्र, मधे एक दिवस स्नायूंना विश्रांती. तोलाचे रोज थोडे. आठवड्याला एकूण तीन तास तोलाला आव्हान देणारा व्यायाम झाला तर फायदा सर्वांत जास्त, त्यामुळे बागेतल्या दोन तासांना घरची दहा-दहा मिनिटं जोडा. स्वयंपाकघराचा ओटा यासाठी उत्तम : बत्तीस-चौतीस इंच उंच, हलत नाही, आणि चहा उकळायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात चवड्यांवर वीसदा उभं राहून होतं.

तोलणारी
मी तुमच्यासाठी असं बसवीन. आधी चालणं, पण शेवटची पाच मिनिटं हळू. दमलेल्या पायांनी तोलाचे अवघड व्यायाम घेऊ नका, पाय थकलेले दिसले तर क्रम उलटा करा : आधी तोल, मग चालणं. 

चाचणीवरून दोन गट. कठड्याचा गट आणि चौकाचा गट. एका शिकवणाऱ्यामागे दहापेक्षा जास्त माणसं नकोत, म्हणजे चाळीस जणांना तुमचे दोघं पुरणार नाहीत. आणखी दोघं तयार करा किंवा दिवस वाटून घ्या.

बाकड्यावरून उठणं-बसणं दहादा, दोन फेऱ्या. पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे, नाक पायाच्या बोटांपुढे नेलं की कंबर आपोआप उचलते. बसताना तीन आकडे मोजत. चवडे आणि टाचा दहा-दहा. बाजूला चालणं कठड्याच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत, येणं-जाणं दोनदा. टाचेला चवडा लावून उभं राहणं दोन्ही पाय आलटून-पालटून तीस सेकंद. एक पाय, प्रत्येकी दहा सेकंद, तीनदा. शेवटी घड्याळ किंवा आठचा आकडा. 

अवघड करायचा क्रम पाळा, नाहीतर हा सगळा खटाटोप वाया. आधी दोन हात, मग एक, मग एक बोट, मग हात कठड्याच्या वर तरंगता. त्यानंतर मान डावी-उजवी, त्यानंतर पावकी_निमकींचे प्रश्न. डोळे मिटणं सर्वांत शेवटी, तेही कठड्याच्या कोपऱ्यात. मुद्दा असा की थोडं डळमळायला हवं. अजिबात न डळमळता झालं तर व्यायाम सोपा आहे, पाऊल हलवून सावरावं लागलं तर अवघड. घोटा बारीक बारीक हलतोय आणि पाऊल जागेवर आहे, ही योग्य पातळी. लोक महिनोन्महिने कठडा घट्ट धरून तेच करत राहतात आणि म्हणतात फरक पडला नाही.

बारा आठवड्यांनी त्याच तीन चाचण्या पुन्हा घ्या. व्यायाम सोडला की मिळवलेलं काही महिन्यांत ओसरतं, म्हणून हा अमुक दिवसांचा वर्ग म्हणून जाहीर करू नका.

पायवाट
मी माझ्या पाऊण तासातली पंधरा मिनिटं कठड्याला देतोय. पण पावसाळ्यात? पेव्हर ब्लॉकवर शेवाळ धरतं.

ओळंबा
जून ते सप्टेंबर सभागृह. शहाबादी फरशीसुद्धा ओली झाली की घसरते, त्यामुळे 'पाऊस उघडला' म्हणून बाहेर नेऊ नका. आत कठडा नसेल तर भिंतीच्या कोपऱ्यात तोंड बाहेर करून उभं राहायचं आणि पुढ्यात जड खुर्चीची पाठ. प्लास्टिकच्या खुर्च्या नकोत, गुळगुळीत फरशीवर उठताना त्या मागे सरकतात.

बाकडं नंबर ४
सभागृहात सगळ्या प्लास्टिकच्याच आहेत. लाकडी सहा खुर्च्या वाचनालयातून मागून घेतो आणि पायांना रबर बसवतो. बागेतला कठडा आज हलवून पाहिला, तळ्याकडचे दोन खांब खालून गंजलेत, ते वेल्ड होईपर्यंत तिकडची बाजू दोरी बांधून बंद केली आहे. चाचण्या सोमवारपासून, रोज आठ जण.